पेटी येते, आता पाच रेघा वाचायच्या: स्टाफ नोटेशन घरच्या घरी शिकण्याची रीत

विदर्भातल्या खेड्यात कीबोर्ड शिकायला बसणारा माणूस सहसा कोरा नसतो. घरात नाहीतर भजनी मंडळात पेटी असते. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसून बसून कुणी चार सूर काढायला शिकलेला असतो, कुणाला मामाने नागपूरहून कीबोर्ड आणून दिलेला असतो. कान तयार असतो, बोटंही बऱ्यापैकी फिरतात. गाडी अडते ती कागदापाशी. पाच रेघा, त्यांवर चढलेले-उतरलेले ठिपके, आणि सुरुवातीला ते वळण घेतलेलं मोठं चिन्ह: हेच स्टाफ नोटेशन, पाश्चात्त्य संगीताची लिपी. ‘हे काहून शिकायचं, ऐकून तर वाजवता येते ना?’ असं घरचे विचारतात. ऐकलेलं वाजवता येतं, हे खरंच आहे. न ऐकलेलं वाजवायचं असेल तर कागद वाचता यायला हवा.

पेटी अजिबात येत नसेल तरी हा लेख वाचा. पेटीचा उल्लेख आला की पुढे सरका.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. नोटेशन वाचणं म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं नाव ओळखणं, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच वर्ष जातं. नाव ओळखून, मग पट्टी शोधून वाजवणारा माणूस काना-मात्रा लावत वाचणाऱ्या पहिलीतल्या पोरासारखा अडखळत राहतो. सराईत वाचणाऱ्याची दोन-चार ठिकाणं पक्की असतात आणि बाकी सगळं तो ‘आधीच्या सुरापासून किती वर, किती खाली’ एवढ्यावर वाचतो. खालची सगळी रीत याच धोरणावर बेतलेली आहे.

आधी वाद्य जागेवर आणा

६१ पट्ट्यांचा, पूर्ण मापाच्या पट्ट्यांचा कीबोर्ड शिकायला पुरतो. खऱ्या पियानोला ८८ असतात, पण पहिल्या दोनेक वर्षांच्या वाचनात त्या कडेच्या पट्ट्या क्वचितच लागतात. लहान मापाच्या पट्ट्यांचा खेळण्यातला कीबोर्ड मात्र घेऊ नका, त्यावर बोटांची अंतरं चुकीची बसतात आणि अंतर हेच तर शिकायचं आहे. घेताना सेलवर चालतो का ते विचारा. लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात तर सरावाची वेळ आपण ठरवत नाही, वीज ठरवते.

भजनात कीबोर्ड वाजवत असाल तर एक गोष्ट रोज तपासा: ट्रान्सपोजचं बटण शून्यावर आहे ना. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ते वर-खाली केलेलं असतं आणि तसंच राहून जातं. मग कागदावर एक सूर, वाजतो दुसरा, आणि डोळ्यांनी वाचलेलं कानाला पटत नाही. ऑक्टेव्हचं, म्हणजे सप्तकाचं, बटणही शून्यावर ठेवा. स्केल चेंजर पेटीवर सराव करणाऱ्यांनी पट्ट्यांची मांडणी मूळ जागी आणावी.

आता मधला सी शोधा. पांढऱ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी अशी नावं आहेत, जीनंतर पुन्हा ए. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी, पेटीवाल्यांची पांढरी एक. ६१ पट्ट्यांच्या नेहमीच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी हा मधला. खात्री करायची असेल तर मोबाइलवरचं ट्यूनर ॲप लावा: मधला सी साधारण २६१.६ हर्ट्झ दाखवतो. ॲपमध्ये किंवा कीबोर्डच्या पडद्यावर त्याला कुठे सी-४ तर कुठे सी-३ म्हटलेलं दिसेल. कंपन्यांची मोजणी वेगळी आहे, त्यात अडकू नका, हर्ट्झ पाहा.

एकरेघी वहीतल्या अकरा रेघा

बाजारातल्या पुस्तकांत आधी वरच्या पाच रेघा शिकवतात आणि बऱ्याच धड्यांनंतर खालच्या पाच. त्यामुळे दोन परक्या लिपी शिकतोय असं वाटतं. मी उलट सांगेन. शाळेची एकरेघी वही घ्या आणि लागोपाठच्या अकरा रेघा पेनाने गिरवा. आता मधली, म्हणजे सहावी, रेघ खोडून टाका. वर पाच राहिल्या, खाली पाच. हाच पियानोचा संपूर्ण कागद. वरच्या पाच सहसा उजव्या हाताच्या, खालच्या पाच सहसा डाव्या हाताच्या. खोडलेल्या सहाव्या रेघेवर बसतो मधला सी. पूर्ण रेघ गेली, म्हणून तो सूर आला की तेवढ्यापुरती एक आखूड रेघ ओढायची आणि ठिपका तिच्यावर ओवायचा.

छापील कागदावर वरच्या आणि खालच्या पाच रेघांमध्ये बरीच जागा सोडतात, म्हणून मधला सी कधी वरच्या संचाला लागून दिसतो तर कधी खालच्या. पट्टी तीच.

रेघ, मग घर (दोन रेघांमधली जागा), मग रेघ, मग घर, असं एकेक पायरी चढत गेलं की कीबोर्डवर एकेक पांढरी पट्टी उजवीकडे सरकते. मध्येच काही सुटत नाही. तळापासून अकरा रेघांवर येतात जी, बी, डी, एफ, ए. मग मधला सी. मग ई, जी, बी, डी, एफ. घरांतली नावं मधल्या मध्ये भरा. ही यादी घोकायची नाही, वहीत एकदा आपल्या हाताने लिहून काढायची, एवढंच.

पाठ करायची ती पाच ठिकाणं. पहिलं मधला सी. दुसरं वरच्या संचातली खालून दुसरी रेघ, जी: ते वळणाचं मोठं चिन्ह, ट्रेबल क्लेफ, मुळात जी हे अक्षरच आहे आणि त्याचा आतला वेटोळा याच रेघेभोवती असतो. तिसरं खालच्या संचातली खालून चौथी रेघ, एफ: बेस क्लेफ हे एफ अक्षराचं बदललेलं रूप आहे आणि त्याचे दोन ठिपके याच रेघेच्या वर-खाली बसतात. म्हणजे चिन्हच ठिकाण सांगतं, स्मरणाचं काम निम्मं होतं. उरले दोन सी: वरच्या संचात खालून तिसऱ्या घरात एक, खालच्या संचात खालून दुसऱ्या घरात एक. मधल्या सीपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहेत, वहीत मोजून पाहा.

ही पाच ठिकाणं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजेत. कागदावर बोट ठेवायचं आणि लगेच पट्टी दाबायची, नाव उच्चारायचं नाही. रोज पाच मिनिटं पुरतात.

पट्ट्यांवर स्केचपेनने सी-डी-ई लिहू नका, आणि कागदावर ठिपक्यांखाली नावं तर मुळीच लिहू नका. डोळा आळशी असतो. अक्षर दिसलं की तो ठिपक्याकडे पाहतच नाही. व्हिडिओत वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांचंही तेच. त्यावरून गाणं बसतं, वाचन काडीचंही येत नाही.

अंतर वाचणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका.

रेघेवरून शेजारच्या घरात गेलेला सूर म्हणजे शेजारची पांढरी पट्टी. रेघेवरून पुढच्या रेघेवर गेला की मधली एक पट्टी सोडायची. घरातून पुढच्या घरात गेला तरी तेच. रेघेवरून एक रेघ सोडून तिसऱ्या रेघेवर गेला तर ते पंचमाचं अंतर, सा ते प. पाच बोटं पाच लगतच्या पट्ट्यांवर ठेवली तर अंगठा ते करंगळी.

एक नियम फार कामाचा आहे. पहिला सूर धरून मोजायचं: तिसरा, पाचवा, सातवा सूर नेहमी त्याच जातीचा असतो, रेघेवरून रेघेवर किंवा घरातून घरात. दुसरा, चौथा, सहावा, आठवा जात बदलतो. त्यामुळे वरचा सा, म्हणजे आठवा सूर, खालचा रेघेवर असेल तर घरात दिसतो. नवीन शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण एकदा डोळ्याला सवय झाली की मोजावं लागत नाही.

पहिला पाठ असा करा. उजव्या हाताचा अंगठा मधल्या सीवर, बाकी चार बोटं पुढच्या चार पांढऱ्यांवर. वहीत हे उतरवा: सी डी ई सी, उभी रेघ, डी ई एफ डी, उभी रेघ, ई एफ जी ई, उभी रेघ, मग डी दोन मात्रांचा आणि सी दोन मात्रांचा. आता वाचताना मनात फक्त ‘वर, वर, दोन खाली’ असं म्हणायचं, नावं घ्यायची नाहीत. मग तोच पाठ अंगठा जीवर ठेवून, कागदावरही जीपासून उतरवून वाचा. आकार तोच, जागा वेगळी. हे कळलं की पुढचं सोपं आहे.

पेटीवाल्यांसाठी इथे एक खड्डा आहे. आपला सा हलतो: गाणाऱ्याने काळी चार सांगितली की सा तिथे. कागदावरचा सी कधीच हलत नाही. सुरुवातीला पांढरी एकला सा धरून ‘सी म्हणजे सा’ असं वाचलं तर दोन आठवडे चालतं, मग तेच आडवं येतं. म्हणून लवकरच दुसऱ्या सुरावरून पाठ वाचायला घ्या.

मात्रा

तबला-ढोलकी ऐकत मोठं झालेल्याला हा भाग हाताचा मळ आहे. पोकळ अंडाकृती, दांडी नाही: चार मात्रा. पोकळ, दांडी आहे: दोन. भरीव, दांडी आहे: एक. भरीव दांडीला एक शेपूट किंवा दोन दांड्यांना जोडणारी आडवी पट्टी: अर्धी. दुहेरी शेपूट किंवा दुहेरी पट्टी: पाव. इंग्लंडच्या पुस्तकांत यांना सेमिब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर, सेमिक्वेव्हर म्हणतात. अमेरिकन पुस्तकांत होल, हाफ, क्वार्टर, एट्थ, सिक्स्टीन्थ. यूट्यूबवर दोन्ही ऐकू येतील. दांडी वर की खाली याचा मात्रांशी संबंध नाही.

सूर सोडून आधी नुसती लय तोंडाने वाचा, आणि त्यासाठी बोल आपलेच घ्या. एका मात्रेला ‘धा’, दोन अर्ध्यांना ‘तिट’, चार पावांना ‘तिरकिट’, दोन मात्रांना ‘धाऽ’. इंग्रजीत ‘वन-अँड-टू-अँड’ मोजायला शिकवतात. आपल्या तोंडाला तिरकिट जास्त नेमकं बसतं. मेट्रोनोम, म्हणजे सारख्या अंतराने टकटक करणारं यंत्र किंवा ॲप, ६० वर ठेवा, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. पायाने मात्रा, तोंडाने बोल. हे बैलगाडीत, एसटीत, वावराच्या धुऱ्यावर बसूनही होतं, वाद्य लागत नाही.

सुरुवातीला एकावर एक लिहिलेल्या आकड्यांत वरचा आकडा एका खणात, म्हणजे दोन उभ्या रेघांमध्ये, किती मात्रा ते सांगतो, खालचा कुठल्या चिन्हाला एक मात्रा धरायची ते. ४-४ मध्ये चार भरीव; भजनी ठेक्याचं एक आवर्तन असे दोन खण घेईल. ३-४ मध्ये तीन. ६-८ मध्ये सहा शेपटीवाले, पण वजन दोन ठिकाणी, पहिल्यावर आणि चौथ्यावर: दादऱ्याचा झोल आठवा. खणाच्या पहिल्या मात्रेवर साधारण वजन असतं. आपल्या तालातली ‘खाली’ मात्र इथे नसते, ती शोधू नका.

भातखंडे लिपी येत असेल तर जपून

हिंदुस्थानी संगीताच्या विशारदपर्यंत परीक्षा दिलेल्यांची एक वेगळीच अडचण असते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीतली काही चिन्हं इथेही दिसतात आणि अर्थ निराळा असतो.

सुराखालचं टिंब तिथे मंद्र सप्तक, वरचं टिंब तार. स्टाफ नोटेशनमध्ये ठिपक्याच्या वर किंवा खाली टिंब असेल तर सूर तोडून, आखूड वाजवायचा. सप्तकाशी काही देणंघेणं नाही, कारण सप्तक जागेवरूनच कळतं. टिंब उजव्या अंगाला असेल तर मात्रा दीडपट: दोनाच्या तीन होतात, एकाची दीड. खालची कमान तिथे एका मात्रेतले सूर एकत्र बांधते. इथे कमान वेगवेगळ्या सुरांवर असेल तर सूर न तोडता जोडून वाजवायचे, आणि एकाच उंचीच्या दोन लगतच्या सुरांना जोडत असेल तर दुसरा पुन्हा दाबायचाच नाही, पहिला तेवढा लांबवायचा. हा शेवटचा फरक चांगल्या चांगल्यांना चकवतो.

डावा हात

आपला डावा हात जन्मभर भात्यात. त्याला बोटं आहेत हे पेटीवाल्याने कधी मनावर घेतलेलं नसतं. शिवाय उजव्या हाताने वाजवतानाही अनेक पेटीवाले अंगठा आणि करंगळी टाळतात. पियानोत दहाही बोटं कामाला लागतात आणि कागदावर त्यांचे आकडे छापलेले असतात: दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. हा आकडा बोटाचा आहे, सुराचा नाही. ‘१ म्हणजे सी’ असं डोक्यात बसलं की हात जागेवरून हलला की सगळं कोसळतं.

सरावाची सुरुवात डाव्या हाताने करा, डोकं ताजं असताना. दोन्ही अंगठे मधल्या सीवर, उजवा हात वर जातो, डावा खाली: सी, बी, ए, जी, एफ. वहीतल्या अकरा रेघांवर हे उतरवलं की आरशासारखी जुळी आकृती दिसते आणि दोन्ही हातांची तीच बोटं एका वेळी पडतात. दोन हात एकत्र वाचायचा हा सर्वांत सोपा दरवाजा. एका दिशेने जाणारे हात नंतर.

खालचा संच वाचताना बरेच जण मनात वरच्या संचाचं नाव घेऊन दोन अक्षरं पुढे मोजतात (तळची रेघ वर ई, खाली जी). उत्तर बरोबर येतं, वेळ दुप्पट जातो. त्यापेक्षा एफची रेघ आणि दुसऱ्या घरातला सी धरा आणि तिथून अंतर वाचा.

शार्प, फ्लॅट आणि ‘पट्टी’

सुराआधी शार्प (♯) असेल तर लगेच उजवीकडची पट्टी, फ्लॅट (♭) असेल तर लगेच डावीकडची, मग ती काळी असो की पांढरी. मध्येच आलेलं हे चिन्ह त्या खणाच्या शेवटपर्यंत, त्याच उंचीच्या सुराला लागू राहतं. पुढच्या उभ्या रेघेला संपतं. नॅचरलचं चिन्ह (♮) आलं तर पुन्हा मूळ पांढरी.

ओळीच्या सुरुवातीला क्लेफच्या शेजारी असलेली चिन्हं मात्र संपूर्ण ओळीला आणि सगळ्या सप्तकांना लागू असतात. ती येतात ठरलेल्या क्रमाने: शार्प एफ, सी, जी, डी, ए, ई, बी, फ्लॅट बरोबर उलट. पेटीवाल्याचं ज्ञान इथे कामाला येतं. रचना मेजर असेल, म्हणजे आपला बिलावल थाट, तर शेवटचा शार्प हा शुद्ध निषाद. त्याच्या लगेच पुढची पट्टी सा. एकच शार्प, एफचा, असेल तर सा जीवर, पांढरी पाचला. फ्लॅट असतील तर शेवटचा फ्लॅट हा शुद्ध मध्यम. तिथून सा मोजा. तीच चिन्हं मायनर रचनेलाही असतात, तेव्हा या सा-च्या धैवताला नवा सा करायचा. साधं मायनर म्हणजे ग, ध, नी कोमल, आसावरी थाटासारखं. रचना कुठल्या सुरावर विसावते ते शेवटच्या खणात पाहिलं की मेजर की मायनर याचा अंदाज येतो.

रोज काय करायचं

आपला कान चलाख आहे आणि वाचन शिकताना तोच वैरी होतो. एखादी ओळ दोनदा वाजवली की चाल पाठ होते. तिसऱ्यांदा डोळे कागदावर असतात पण वाचत काहीच नाहीत. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझोच्या ग्विदो नावाच्या भिक्षूने चार रेघांची पद्धत रूढ केली ती याचसाठी, की गाणाऱ्यांना कधीही न ऐकलेली चाल कागदावरून गाता यावी. म्हणून वाचनाला रोज नवा मजकूर हवा. बसवायचं गाणं वेगळं, वाचायचा मजकूर वेगळा. वाचायचा मजकूर अगदी सोपा, बसवायच्या गाण्यापेक्षा दोन पायऱ्या खालचा.

रीत अशी. नवी ओळ समोर ठेवून अर्धा मिनिट हात मांडीवर. क्लेफ कोणते, चिन्हं किती, खणाला मात्रा किती, सगळ्यात वरचा आणि खालचा सूर कुठला, कुठला आकार पुन्हा येतो, एवढं पाहा. कठीण खणातली लय तोंडाने म्हणून घ्या. मग मेट्रोनोम इतका हळू लावा की कंटाळा येईल, आणि सुरू केल्यावर थांबायचं नाही. सूर चुकला तर चुकू द्या. परत मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. लय तुटली तर मात्र वेग आणखी कमी करा. दुसऱ्यांदा वाचा, आणि पान उलटा. नजर बोटांवर नको, कागदावर आणि वाजत्या सुराच्या थोडी पुढे. पट्टी अंदाजाने शोधता यावी म्हणून दोन-तीन काळ्यांचे गट बोटांनी चाचपायची सवय लावा.

वीस मिनिटं झाली की पुरे. आठवड्यातून एकदा तीन तास बसणाऱ्याला काही मिळत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीत वेळ नसेल तर पाच मिनिटं नुसतं वाचन करा, वाद्याविना, बोटं मांडीवर आपटत.

मजकूर फुकट मिळतो. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर कॉपीराइट संपलेल्या रचनांचे कागद आहेत. फर्डिनांड बेयरचे पियानोचे प्राथमिक पाठ, ओपस १०१, तिथे शोधा. मोबाइलच्या पडद्यावर वाचू नका, डोळ्यांना ताण येतो आणि ओळ सरकवायला हात सोडावा लागतो. तालुक्याला गेलात की झेरॉक्सच्या दुकानात ए-४ वर मोठं करून घ्या.

आणि आठवड्यातून एक दिवस वाचू नका, लिहा. भुलाबाईची गाणी यासाठी उत्तम: चाल मोजक्या सुरांत फिरते, लय सरळ असते आणि घरातल्या बायकांना पाठ असतात. आजीला म्हणायला सांगा, पेटीवर सूर शोधा, वहीतल्या पाच रेघांवर उतरवा. मग म्यूझस्कोर हा मोफत प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाकून तिथे भरा; तो वाजवून दाखवतो आणि मात्रा कुठे चुकली ते लगेच ऐकू येतं. आठ दिवसांनी तो कागद गाणं माहीत नसलेल्या, पण वाचता येणाऱ्या कुणाला तरी वाजवायला द्या. नाही कुणी मिळालं तर स्वतःच्या जुन्या वहीतलं, विसरलेलं पान काढा.

पुढे परीक्षा द्यायची असेल तर एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या प्रात्यक्षिक ग्रेड परीक्षेत १५० पैकी २१ गुण न पाहिलेला कागद वाचून वाजवण्याला असतात, आणि आधी बघायला मिळतो तो अर्धाच मिनिट. म्हणून वरचा अर्धा मिनिट घड्याळ लावूनच पाळा.